वॉटर पार्कमध्ये जेवणासकट पॅकेज घ्यायचं की नाही? खिडकीवर जाण्याआधी घरी करायचा हिशोब

नागपूरचा अमरावती रोड असो, सावनेर रोड असो की सुट्टीत गाठलेलं हैदराबाद, चूक एकच होते. जेवणाचा निर्णय तिकीट खिडकीवर घेतला जातो. मागे रांग, पोरं हात ओढतायत, आणि काचेआडून प्रश्न येतो, "जेवणासकट देऊ का? फक्त तीनशे जास्त." हे तीनशे बहुतेक वेळा तीनशे नसतात. कसे नसतात ते टप्पा २ मध्ये येईल. त्याआधी थोडी तयारी.

खाली दिलेले दर उदाहरणापुरते धरले आहेत. तुम्ही जाणार त्या पार्कचे त्या दिवशीचे दर घाला. पद्धत तीच राहते.

टप्पा १: आदल्या दिवशी फोन

वेबसाइटवर जेवणाच्या अटी अर्धवट असतात, म्हणून फोन कराच. सकाळी गेट उघडण्याच्या वेळेला करू नका, तेव्हा कुणी नीट बोलत नाही. दुपारनंतर करा आणि कागद-पेन घेऊन बसा. विचारायचं ते असं:

- फक्त प्रवेशाचं तिकीट मिळतं का, की जेवण सक्तीचं आहे? रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी नियम वेगळा असतो का?
- पॅकेजमध्ये नाश्ता, जेवण, हाय-टी (संध्याकाळचा चहा-फराळ) यातलं काय काय आहे, आणि प्रत्येकाची सुरू-बंद होण्याची वेळ काय?
- जेवण अनलिमिटेड की एकच थाळी? अनलिमिटेड असेल तर गोड आणि पनीरही अनलिमिटेड, की मोजून?
- मुलांचा दर वयावर की उंचीवर? किती उंचीपासून पैसे लागतात?
- पिण्याचं पाणी फुकट कुठे मिळतं? रिकामी बाटली आत नेऊ देतात का?
- बाहेरचा डबा चालतो का? बाळाचं खाणं आणि औषधाबरोबर लागणारं खाणं?
- एकदा बाहेर पडून पुन्हा आत येता येतं का?
- जैन किंवा उपवासाचं मिळतं का?
- सांगितलेल्या दरात कर धरला आहे का?
- जेवणाचं कूपन आत गेल्यावर त्याच दराने मिळतं का?

मेनू व्हॉट्सअॅपवर मागवा. "व्हेज बुफे" या दोन शब्दांत पुरी-भाजीपासून दहा पदार्थांपर्यंत काहीही बसतं.

*तपासा:* मुलाची उंची घरी भिंतीला उभं करून, चप्पल काढून मोजा. बऱ्याच पार्कांत वय विचारतच नाहीत, गेटवरच्या पट्टीशी उभं करतात. चार वर्षांचं मूल साधारण १०० सेंटिमीटरच्या आसपास असतं. पट्टी ९० ला असेल तर दोन घास खाणाऱ्या त्या जीवाचंही पूर्ण चाइल्ड पॅकेज लागतं. घरचा सगळा हिशोब इथेच उलटतो.

*तपासा:* कॅलेंडर काढा. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यातलं काही आहे का? घरातल्या दोघांचा उपवास असेल तर त्यांचं पॅकेज बुडीत गेलं म्हणून समजा.

टप्पा २: जेवणाची खरी किंमत काढा

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, म्हणून हा टप्पा घाईनं वाचू नका.

जेवणाची खरी किंमत काढायचं सूत्र एका ओळीचं आहे: जेवणासकट पॅकेज वजा *तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारं* सगळ्यात स्वस्त नुसतं तिकीट. बोर्डावरचं तिकीट वजा करायचं नाही.

धरा, बोर्डावर नुसतं तिकीट ८०० आणि जेवणासकट ११०० आहे. वरवर जेवण ३०० ला पडतं. आता त्याच पार्कची ऑनलाइन २० टक्के सूट चालू आहे आणि ती फक्त नुसत्या तिकिटावर आहे. म्हणजे तिकीट तुम्हाला ६४० ला मिळणार. पॅकेज ११०० लाच. ११०० वजा ६४०, जेवण पडलं ४६० ला. पाच जण असाल तर जो फरक १५०० वाटत होता तो २३०० झाला.

हीच गोष्ट विद्यार्थी सवलत, वाढदिवसाची ऑफर, बँकेच्या कार्डावरची सूट यांनाही लागू. ऑफरच्या अटींमध्ये "इतर पॅकेजसोबत लागू नाही" ही ओळ शोधा. सूट बहुधा प्रवेशावर असते आणि जेवण पूर्ण दराने. उलटही कधी घडतं: पॅकेजवरच सूट देतात आणि नुसतं तिकीट पूर्ण दराने. मग जेवण खरोखर स्वस्त पडतं. म्हणून दोन्ही वजाबाक्या करायच्या, अंदाज नाही.

कराचं पाहताना डोकं फार शिणवू नका. साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर ५ टक्के जीएसटी असतो, प्रवेशाच्या तिकिटावर दर वेगळा. दोन आकडे शेजारी ठेवण्याआधी दोन्ही "सगळं धरून हातात किती द्यायचे" या रूपात आणा. एक आकडा करासकट आणि दुसरा कराशिवाय असेल तर तुलना फुकट गेली.

*इशारा:* "५० टक्के सूट, जेवण फ्री" असं लिहिलेलं असतं तेव्हा सूट कोणत्या मूळ दरावर धरली आहे ते बघा. मूळ दर तुमच्या तारखेचा हवा. वर्षातल्या सगळ्यात महाग रविवारचा दर धरून मंगळवारी सूट दाखवली असेल, तर ती सूट नव्हेच.

टप्पा ३: कोण काय खाणार, माणूसवार यादी

"आपण पाच जण" असा हिशोब करू नका. एकेकाचं नाव घाला आणि समोर तो तिथे *खरंच* काय खाईल ते लिहा. घरी काय खातो ते नको: पाण्यात भिजलेली मुलं जेवणाच्या ताटावर दहा मिनिटंही टिकत नाहीत आणि चार वाजता भूक भूक करतात.

नमुना घेऊ. आई, बाबा, आजी, नऊ वर्षांचा मुलगा, चार वर्षांची मुलगी. नाश्ता, जेवण आणि हाय-टी मिळून पॅकेजमधला जेवणाचा खरा भाग मोठ्यांना ४५०, मुलांना ३५०. तीन मोठे १३५०, दोन मुलं ७००. एकूण २०५०.

आता तेच आत वेगळं घेतलं तर:

- थाळी २२० ची, तिघांच्या मिळून ६६०
- मुलाला फ्राइड राइस १४०
- मुलगी आजीच्या ताटातून खाणार, तिला वेगळं दही ३०
- संध्याकाळी तीन चहा ६०, दोन प्लेट भजी १२०
- मुलाला आइस्क्रीम ५०

बेरीज १०६०. वर ५ टक्के कर ५३ रुपये, म्हणजे १११३. पॅकेजपेक्षा ९३७ कमी. नाश्ताही आतच करायचा म्हटलं, मोठ्यांचा ८० आणि मुलांचा ५० धरला, तर ३४० वाढतात. १४०० आणि कर ७०, म्हणजे १४७०. तरीही ५८० वाचतात. लहान मुलं आणि वडीलधारी असलेल्या घराला पॅकेज क्वचितच परवडतं, त्याचं कारण या यादीत दिसतं: पाचपैकी दोघांचं पोट अर्ध्या ताटात भरतं, पैसे मात्र पूर्ण ताटाचे.

आता कॉलेजातले चार पोट्टे घ्या. सकाळी गेट उघडताच हजर. प्रत्येकी नाश्ता ८०, चहा २०, थाळी २२०, वर अर्धी बिर्याणी १००, मठ्ठा ३०, संध्याकाळी भजी ६० आणि पुन्हा चहा २०. माणशी ५३०, करासकट सुमारे ५५६. पॅकेज ४५०. चौघांचे मिळून सव्वाचारशे वाचले. त्यांनी पॅकेज डोळे मिटून घ्यावं.

म्हणजे पॅकेज चांगलं की वाईट हा प्रश्नच नाही. ते कुणासाठी, एवढंच ठरवायचं. पार्क परवानगी देत असेल तर मिश्र खरेदी करा: भरपूर खाणाऱ्या दोघांना पॅकेज, बाकीच्यांना नुसतं तिकीट.

*इशारा:* मिश्र खरेदी करून अनलिमिटेड ताटात दोघांनी जेवायचा बेत आखू नका. ताट वाटून खाल्लेलं दिसलं की दुसऱ्या ताटाचे पैसे लावतात, आणि तेव्हा वाद घालायला तुमच्याकडे मुद्दा नसतो. मोजून मिळणारी थाळी मात्र वाटून खायला सहसा कुणी हरकत घेत नाही. तरी विचारून घ्या.

टप्पा ४: पॅकेजच्या वेळा तुमच्या दिवसात बसतात का

पॅकेजमधल्या तीन खाण्यांपैकी एक चुकलं तरी वरचा हिशोब कोसळतो. सर्वात जास्त चुकतो तो नाश्ता. गेट दहाला उघडतं, नाश्ता साडेदहा-अकराला आवरतो, आणि सीताबर्डी किंवा मानेवाड्याहून पाच जणांचं घर आवरून निघालेली गाडी अकराला पोचते. वर तिकिटाची रांग, लॉकर, कॉस्च्यूम. तुम्ही आठ-सव्वाआठला घर सोडणार असाल तरच नाश्ता हिशोबात धरा.

दुसरी अडचण दुपारची. साडेबारा ते दोन या वेळात सगळं पार्क जेवणाच्या हॉलमध्ये असतं आणि स्लाइडच्या रांगा सर्वात छोट्या असतात. पैसे तुम्ही राइड्ससाठीही मोजलेत. म्हणून बाराच्या ठोक्याला जेवा किंवा दोननंतर. उशिरा जेवायचं असेल तर बुफे कधी बंद होतो ते आधी पाहा, आणि शेवटच्या अर्ध्या तासात भांडी पुन्हा भरत नाहीत हेही धरून चाला.

तिसरी अडचण पोटाची. अनलिमिटेड घेतलं म्हणून तुडुंब जेवलं की पुढचा तास-दीड तास उंच स्लाइड आणि गोल फिरणाऱ्या राइड्स नकोशा होतात, उलट्या होतात. हलकं जेवून दुपारभर राइड्स करणाऱ्याला पॅकेज वसूल होत नाही, आणि पॅकेज वसूल करणाऱ्याला राइड्स वसूल होत नाहीत. वेव्ह पूल ठरावीक वेळेलाच चालू करत असतील तर ती वेळ आधी पाहून जेवण त्याच्या अलीकडे-पलीकडे ठेवा.

टप्पा ५: बाहेरचा पर्याय

नागपूरकराला पॅकेजमधल्या नाश्त्याची गरज फारशी नसते, कारण वाटेवर तर्री-पोहा आहे. आठ-साडेआठला पोटभर पोहे झाले की एकपर्यंत कुणी काही मागत नाही. तर्री मात्र मुलांना बेतानं. झणझणीत रस्सा पोटात आणि लगेच पाण्यातल्या उलट्या-पालट्या, हे जमत नाही.

डब्याचं गणित दोन उत्तरांवर ठरतं, जी तुम्ही टप्पा १ मध्ये मिळवलीत. बाहेर पडून परत आत येता येत नसेल, तर गाडीत ठेवलेला डबा संध्याकाळपर्यंत गाडीतच. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांपर्यंत जातो तेव्हा बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की जंतू झपाट्यानं वाढतात. एवढ्या उन्हाळ्यात बाहेर ठेवलेलं अन्न तासाभरात संपवायचं असतं. दहीभात, पनीर, अंडी, ओल्या नारळाची चटणी, उकडलेला बटाटा घातलेलं काहीही नेऊ नका. टिकणारं न्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी, चिवडा, लाडू. डिसेंबर-जानेवारीत एवढी चिंता नाही, आणि संत्रीही तेव्हा भरपूर.

*इशारा:* "कोर्टाने बाहेरचं खाणं न्यायला परवानगी दिली आहे" असं गेटवर भांडू नका. सर्वोच्च न्यायालयाचा ३ जानेवारी २०२३ चा निकाल चित्रपटगृहांबद्दल आहे, आणि त्यातही बाहेरचं खाणं रोखण्याचा मालकाचा हक्क मान्य केला आहे. पिण्याचं पाणी मोफत द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवू नये, हेही तिथे नमूद आहे. पार्कच्या गेटवर बाळाच्या खाण्यासाठी विनंती केली की बहुधा अडत नाही. पिशवी उघडून दाखवायची तयारी ठेवा.

पाण्याचा खर्च लोक धरतच नाहीत. पाण्यात असताना तहान कळत नाही, पण उन्हाळ्यात दिवसभरात मोठ्या माणसाला ३ लिटर सहज लागतं. पाच जणांचे १२ ते १५ लिटर. लिटरची बाटली २० रुपये धरली तरी २४० ते ३०० रुपये. नळाचं गाळलेलं पाणी मिळत असेल तर दोन रिकाम्या बाटल्या न्या. घरचं जलसंजीवनीही सोपं आहे: १ लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर मुलांना अपाय होतो, तेव्हा चमचा सपाटच हवा.

टप्पा ६: खरेदी

क्रम असा ठेवा. आधी नुसतं तिकीट ऑनलाइन, सूट लागून. जेवणाचं कूपन आत गेल्यावर त्याच दराने मिळतं का, हे फोनवर विचारलेलं असेलच. मिळत असेल तर आधीच घेण्यात काही अर्थ नाही. हॉलमध्ये एक फेरी मारा, काय मांडलंय ते बघा आणि मग ठरवा. आतला दर जास्त असेल तरच खिडकीवर घ्या.

कूपन हातात आलं की तीन गोष्टी वाचा: तारीख, कोणकोणतं खाणं, किती माणसं. चूक असेल तर खिडकी सोडण्याआधीच दुरुस्त करून घ्या.

*तपासा:* कागदी कूपन कॉस्च्यूमच्या खिशात गेलं की त्याचा लगदा होतो, आणि लगद्यावर कुणी जेवू घालत नाही. गळ्यात अडकवायचं वॉटरप्रूफ पाऊच शंभर-दीडशेला मिळतं. कूपन क्यूआर कोडच्या रूपात असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा. शहराबाहेर नेटवर्क दगा देतं. याच कारणासाठी थोडी रोकड लॉकरमध्ये असू द्या.

काही ठिकाणी रिस्टबँडमध्ये पैसे भरायचे असतात. यादीतल्या बेरजेएवढेच भरा, नंतर वाढवता येतात. उरलेले परत मिळतात का, कोणत्या काउंटरवर आणि किती वाजेपर्यंत, हे भरतानाच विचारा.

टप्पा ७: आत, ताटापाशी

बुफे असेल तर ताट घेण्याआधी पूर्ण टेबल एकदा फिरून पाहा. पुढे पोळी, भात, सलाड. पनीर आणि गोड शेवटाला. सुरुवातीलाच ताट भरलं की झालं.

गरम पदार्थातून वाफ येते का, हे बघा. कोमट भात, कोमट कढी, उघड्यावर ठेवलेलं कापलेलं कलिंगड टाळा. पॅकेजचे पैसे दिलेत म्हणून ते खायलाच हवं असं नाही.

सीलबंद बाटली किंवा चिप्स स्टॉलवर घेताना छापील किमतीहून जास्त देऊ नका. एकाच वस्तूवर दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. बसून, वाढप्याकडून सेवा घेतली तर गोष्ट वेगळी: सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०१७ च्या निकालानुसार हॉटेल-रेस्टॉरंटला बाटलीबंद पाण्यासाठी एमआरपीपेक्षा जास्त आकारता येतं. त्यामुळे पाणी स्टॉलवरून घ्या.

बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावलेला असेल तर तो काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तेच सांगतात आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या.

भिशी, शाळा, सोसायटी: मोठा ग्रुप असेल तर

वीस-पंचवीस जणांच्या पुढे गणित बदलतं, कारण दर बोलून ठरतो. इथे पॅकेज बहुधा फायद्याचं, पण करारातल्या भोकांतून पैसे गळतात.

गॅरंटीचा आकडा म्हणजे जेवढ्या ताटांचे पैसे काहीही झालं तरी द्यायचे तो. ४० जणांनी होकार दिला तर गॅरंटी ३५ ची द्या आणि वरच्या ताटांना तोच दर लागेल असं लिहून घ्या. आयत्या वेळी गळणारे असतातच. उलट केलंत तर न आलेल्यांचे पैसे तुमच्या खिशातून.

लेखी घ्यायच्या बाबी: पदार्थांची नावं, गोड किती नग, पाणी धरलंय की नाही, जेवणाची वेळ, कर धरून माणशी दर, शेवटचा आकडा कळवायची मुदत. बसचा ड्रायव्हर आणि क्लीनर कुठे जेवणार हे आधीच ठरवा. शिक्षकांचं जेवण मोफत आहे का, हेही शाळांनी विचारावं. प्रवेश मोफत असला तरी जेवण तसं असेलच असं नाही.

बाहेर पडण्याआधी

रिस्टबँडमधले उरलेले पैसे आणि लॉकरचं डिपॉझिट गेट बंद होण्याच्या तासभर आधी मागा. शेवटच्या अर्ध्या तासात तिथे सगळं पार्क उभं असतं.

जेवणाची पावती फेकू नका. तिच्यावर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक असायला हवा. बिलावर तो छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. कबूल केलेलं खाणं मिळालं नाही, तर आधी जागेवरच मॅनेजरला सांगून पावतीच्या मागे लिहून घ्या. मिटलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एमआरपीहून जास्त घेतल्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते, आणि तिला पावतीसोबत बाटलीवरच्या छापील किमतीचा फोटो लागतो.